तळाच्या थरातला भूर्ज

९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचा हा पत्ता बंदरावरच्या इस्पितळातल्या कारकुनाने दिला. आधी द्यायला तयार नव्हता. मी मेहुणी आहे असं सांगितल्यावर म्हणाला, डॉक्टरांना कोणी आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मग दिला. त्याला रागावू नका. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून त्याच्या मागे लागावं लागलं.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, पण जिना चढते. माझं पाणीखात्यातलं काम आहे तसंच आहे. सकाळी टाक्यांवरून बाटल्या येतात, त्यांतलं क्लोरीन बघायचं, जंतू बघायचे, सही करायची. ताई मला पाणीवाली म्हणायची, आता तसं म्हणणारं कोणी राहिलं नाही. खात्यात आम्ही सगळेच पाणीवाले.

काम असं होतं. ताईच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई घरी आल्या होत्या. ताई गेल्यावर तिचा शेवटचा लेख त्यांनी पूर्ण करून छापायला पाठवला. पहिलं नाव तिचंच ठेवलं आहे. छापण्याआधी दुसरे जाणकार तो तपासतात, त्यांच्याकडून काही प्रश्न आले आहेत. त्यांतला एक आहे हत्यारांबद्दल. तळ्यातून चिखल वर काढल्यापासून बरणीत जाईपर्यंत त्याला कशाकशाचा स्पर्श झाला, ते सगळं लिहून द्या म्हणतात. शेवटच्या दिवशी तळ्यावर तुम्ही दोघंच होतात. मदतनीस ताप आल्यामुळे आदल्या दिवशी खाली उतरला होता. तेव्हा सांगू शकणारे तुम्हीच.

आठवेल तसं लिहा. घाई नाही.

घाई नाही असं वर लिहिलं खरं, पण बाईंना महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

तिकडेही थंडी असेल. जपून राहा.

धाकटी


२ मार्च

भाऊजी,

पत्र मिळालं असावं. परत आलेलं नाही, म्हणजे मिळालंच असेल. बाईंनी मुदत वाढवून घेतली आहे.

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं. आता लिहिते, कारण अर्धवट विचारलं म्हणून तुम्ही अर्धवट उत्तर द्याल, किंवा मुळीच देणार नाही, असं वाटायला लागलं आहे.

बाई घरी आल्या त्या ताईची तळ्यावरची पिशवी बघायला. ती कपाटावर तशीच होती. आईने तिला हात लावू दिला नव्हता. बाईंनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक वस्तू काढून ठेवली. दोर, हातमोजे, खडू, बरण्यांची जादा झाकणं. मग तळाशी तुमचा औषधांचा डबा निघाला. त्यात घसा बघायच्या लाकडी पट्ट्यांचा खोका होता. बाईंनी तो उघडला, एक पट्टी काढली, चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघितली.

"ह्या कशाला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, भाऊजी डॉक्टर आहेत, घसा बघायला ठेवल्या असतील.

"घसाच बघायला ना?"

खोका निम्म्याच्या वर रिकामा होता. तळ्यावर इतके घसे नव्हते, भाऊजी. तुम्ही दोघं आणि मदतनीस, एवढेच होतात.

आई स्वयंपाकघरात होती, म्हणून बाई पुढे काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. मी पहिल्यांदाच गेले. ताई इतकी वर्षं तिथे होती आणि मी फाटकापर्यंतच जायची, तिला डबा द्यायला. बाहेरच्या खोलीत आपले बूट काढून त्यांचे घालायचे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला पट्टी, हातमोजे दोनदा. आत निळा दिवा लावतात, माणसं बाहेर गेल्यावर रात्रभर. हवेतून आलेलं परकं काही शिल्लक राहू नये म्हणून. आमच्याकडे बाटली उकळली की झालं. इथे उकळून भागत नाही. जंतू मरतो, पण त्याचे तुकडे राहतात, आणि ही माणसं तुकडेच वाचतात.

तुम्हाला हे सगळं माहीत असेल. मला बाईंनी समजावलं ते मला समजलं तसं लिहिते, चुकलं तर सांगा. तळ्यात वर्षानुवर्षं गाळ बसतो, थरावर थर. काठावरच्या झाडांची पानं, मुळांचे धागे त्यात पडतात आणि कुजतात, पण त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे थंडीत आणि अंधारात हजारो वर्षं टिकतात. कुठल्या थरात कुठल्या झाडाचे तुकडे सापडले, त्यावरून ते झाड केव्हा तिथे होतं, केव्हा नव्हतं, हे कळतं. हवा गार होत गेली तशी झाडं खाली सरकली, गरम होत गेली तशी पुन्हा वर आली. ताईचं निम्मं आयुष्य ह्या सरकण्यामागे गेलं. मी तिला म्हणायची, झाडं कशी सरकतील गं, त्यांना काय पाय आहेत. ती म्हणायची, पाय नाहीत म्हणून तर बघायचं.

आता तळाच्या थराचं. तो सगळ्यात थंड काळातला. ज्याच्या सालीची भूर्जपत्रं होतात तो भूर्ज त्या काळी त्या डोंगरांत नव्हता, तो शेकडो मैल खाली गेला होता आणि ऊब आल्यावर परत आला, असं आजवर सगळे धरून चालतात. ताईला त्या थरात भूर्ज सापडला. म्हणजे थोडी झाडं कुठल्याशा आडोशाला तग धरून राहिली, गेलीच नाहीत. हे खरं असेल तर परत यायला झाडांना वाटतं तितका वेग नव्हता. आणि आज हवा तापते आहे तेव्हा ती किती लवकर वर सरकतील, हा हिशोबही बदलतो. म्हणून ह्या लेखाला एवढं महत्त्व. बाईंच्या तोंडून हे ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की ताईने काहीतरी मोठं केलं होतं. घरी ती कधी बोलली नाही. घरी ती दूध संपलं का एवढंच विचारायची.

आणि आता ते, जे मी मागच्या वेळी लिहिलं नाही. त्या लाकडी पट्ट्या बहुतेक वेळा भूर्जाच्याच असतात. त्याला वास नसतो, चव नसते, कुसळं निघत नाहीत.

लिहाल ना?

धाकटी


१७ मार्च

भाऊजी,

अजून काही नाही. पोस्टमन आमच्या गल्लीत शिरला की मी खिडकीत जाते. आई म्हणते, कोणाची एवढी वाट बघतेस, नवरा शोधलास की काय. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

मी बाईंना खूप प्रश्न विचारले. कदाचित त्रास दिला. दुसऱ्या कोणत्या मार्गाने कळू शकेल का? तळात खुपसून चिखल वर काढतात त्या बाकीच्या नळ्या उभ्या चिरून अर्धा भाग शीतखोलीत राखून ठेवलेला असतो, मग ह्या नळीचा का नाही? त्या म्हणाल्या, तळाची नळी दगडाला लागून वाकली होती, तो चिखल तळ्याच्या काठावरच ढकलून काढावा लागला आणि तिथेच कापून बरण्यांत भरला. होता तेवढा तपासणीत संपला. मग तपासणीच्या त्या कोऱ्या काचनळ्यांचं काय, ज्यांत चिखल न घालता सगळी कृती करतात, परकं काही आलं का ते बघायला? त्या स्वच्छ आहेत, पण त्या फक्त प्रयोगशाळेबद्दल सांगतात, तळ्याच्या काठाबद्दल नाही. जुना डीएनए झिजलेला असतो ना, मग जुना कोणता आणि पट्टीतला कोणता हे ओळखता येईल? येत नाही. पट्टीचं लाकूड वाफवून वाळवलेलं असतं, त्याचाही चुरा झालेला असतो.

म्हणजे ह्या जगात एकाच माणसाला माहीत आहे, भाऊजी. तुम्ही चिखल कशाने कापलात ते.

मी सरळ लिहिते, आडून लिहायची मला सवय नाही. तुम्ही "नेहमीच्या स्टीलच्या चमच्याने कापला" असं लिहिलंत तर लेख छापून येईल. कोणी तुम्हाला पुन्हा विचारणार नाही. ताईचं नाव राहील. मी तुम्हाला तसं लिहा म्हणत नाही. पण तसं लिहिलंत तर मी खोदून विचारणार नाही, एवढं मात्र म्हणते.

हे वाक्य लिहून मी पत्र दोन दिवस पर्समध्ये ठेवलं होतं. खोडलं नाही. आज टाकते.

दुसरंही एक आहे. मला कळतं आहे की हे पत्र तुम्हाला कसं वाटत असेल. ताई गेली त्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात आई सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाली, घरात डॉक्टर असून माझ्या मुलीचं रक्त कोणी तपासलं नाही. तुम्ही म्हणालात, मी तिच्या हातावरचे डाग तळ्यावर जाण्याआधीच पाहिले होते, तपासणी कर म्हणून मागे लागलो, पण तिने तळ्याचं काम झाल्याशिवाय नाही म्हटलं आणि घरी सांगणार नाही अशी शपथ घातली. त्यावर आई म्हणाली, गेलेल्या माणसाच्या तोंडी घालायला सोपं असतं. मामा, मावशी, शेजारचे, सगळे ऐकत होते. तुम्ही हातातला तिचा कोट मावशीकडे दिलात आणि जिना उतरलात. तिसऱ्या दिवशीही आला नाहीत.

आणि आता त्याच घरातून पत्र येतं की तुम्ही आणखी एक चूक केली होती का, ते लिहून कळवा. मी तुमच्या जागी असते तर पाकीटही उघडलं नसतं.

तरीही लिहा.

धाकटी


३० मार्च

भाऊजी,

आज कामावर एकच बाटली तीनदा धुतली. शेजारचा म्हणाला, पाण्याची तपासणी चालली आहे की बाटलीची? सगळे हसले. मीही हसले.

बाईंनी उद्या संध्याकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. त्यानंतर त्या स्वतःच्या जबाबदारीवर "हत्यारांची पूर्ण माहिती उपलब्ध नाही" असं लिहिणार. तसं लिहिलं की तपासणारे तो थर वगळायला सांगतील, किंवा तसाच ठेवू देतील आणि पुढे कोणीतरी शंका काढील. तेव्हा ताईबद्दल लोक काय म्हणतील, कोण जाणे. खोटी होती म्हणतील, की गबाळी होती? ती चमचे धुवून त्यांच्या उंचीप्रमाणे लावून ठेवायची, तुम्हाला माहीत आहे.

मागच्या पत्रातलं ते स्टीलच्या चमच्याचं वाक्य. ते टाकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. तुम्ही ते मानलंत आणि तसं लिहिलंत, तर ते मी लिहायला लावलं असं होईल, आणि मला कधीच कळणार नाही की खरं काय होतं. तळ्याच्या काठी भूर्ज होता की नव्हता. मग मी बाईंसमोर कशी बसणार? ते वाक्य वाचलंच नाही असं समजा.

हे पत्र उद्यापर्यंत पोचणार नाही, हे मला कळतं. तरी टाकते.

धाकटी


१४ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र ३१ तारखेलाच दुपारी आलं. मी कामावर होते, आईने सही करून घेतलं आणि पाकीट न उघडता पाण्याच्या माठाला टेकवून ठेवलं. अक्षर तिने ओळखलं होतं. मी घरात शिरताच म्हणाली, "तुझ्या नावाचं आहे."

मी उभ्याउभ्याच वाचलं. एवढंसं पत्र. चमचे बर्फाच्या भोकातून पाण्यात गेले, ताई तंबूत झोपून होती, तिला उठवत नव्हतं, चिखल वाळायच्या आत बरण्यांत जायला हवा होता, म्हणून तुम्ही एकट्याने पट्ट्यांनी कापला. पट्ट्या बंद पाकिटातल्या, निर्जंतुक, म्हणून त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. आणि शेवटी, "यात तिची काहीही चूक नाही, असं लेखात स्पष्ट लिहा. माझं नाव घातलं तरी चालेल."

वावगं मलाही वाटलं नसतं, भाऊजी. तुमच्याकडे काय आणि आमच्याकडे काय, स्वच्छ म्हणजे जंतू नसलेलं. ताईला तेवढ्यात कळलं असतं, पण ती उठू शकत नव्हती.

मी तशीच पायांत चपला सरकवून प्रयोगशाळेत गेले. बाई निघायच्या बेतात होत्या. त्यांनी पत्र वाचलं, खुर्चीत बसल्या, हातातली किल्ली टेबलावर ठेवली. मी ताईबद्दल विचारलं, आता लोक काय म्हणतील. त्या म्हणाल्या, तळाचा थर काढून टाकायचा आणि का काढला ते लिहायचं, बाकीचा लेख उभा राहतो. वरच्या थरांच्या नळ्या नीट आहेत. भूर्ज कुठल्या थरात पहिल्यांदा खात्रीने दिसतो आणि तिथून कसा वर सरकत गेला, ते सगळं ताईचंच आहे. पण मोठी गोष्ट गेली. ती गेली हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही.

लेखात तुमचं नाव घातलेलं नाही. बाईंनी एवढंच लिहिलं आहे की तो भाग लाकडी पट्टीने कापला गेला होता आणि ही माहिती कापणाऱ्याने स्वतःहून दिली.

घरी आले तर आई जेवायची थांबली होती. मग मला सगळं सांगावंच लागलं. भूर्ज म्हणजे काय, थर म्हणजे काय, पट्टी कुठून आली. तिला झाडांचं फारसं समजलं नाही. ती म्हणाली, पत्र वाचून दाखव. मी वाचलं. म्हणाली, ते तंबूचं पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.

"तेव्हाच झोपून होती?"

मी म्हटलं, हो.

"मग चमचे तिनेच पाडले, पट्ट्या तिनेच मागितल्या, असं लिहिता आलं असतं त्याला. कोण विचारायला जाणार होतं तिला?"

स्टीलच्या चमच्याचं वाक्य मी तुम्हाला लिहिलं होतं, हेही मग तिला सांगितलं. तिने हातातला घास ताटात ठेवला. वरण गार झालं. मग हळूच म्हणाली,

"म्हणजे तेव्हाही तो खरंच सांगत होता."

मग उठून आपल्या खोलीत गेली. दोन आठवडे ती कोणाशी धड बोलली नाही. मामांचा फोन आला तर डोकं दुखतं म्हणाली. मला काळजी वाटायला लागली होती. आज सकाळी स्वतःच म्हणाली, त्याला पत्र लिहिणार असशील तर खाली थोडी जागा सोड.

जागा सोडण्याआधी बाईंचा निरोप. येत्या हिवाळ्यात तळं गोठलं की त्या पुन्हा खोल नळी घालणार आहेत. या वेळी दोन, आणि चमचे दोराने बांधलेले. भूर्ज निघाला तर निघाला, नाही तर नाही, असं त्या म्हणतात, पण मला वाटतं निघावा असं त्यांनाही वाटतं. ताईने भोक पाडलं होतं ती जागा नकाशावर आहे, पण काठ बदलतो, बर्फात खुणा राहत नाहीत. बरोबर कोण येऊ शकेल, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, विचारून कळवते.

आता आई लिहिते.

धाकटी


डॉक्टर,

मला पत्र लिहिण्याची सवय नाही. धाकटीने मायना घालायला सांगितला, तो मला सुचत नाही.

माझी मुलगी हट्टी होती. मला ते माहीत होतं. तरी तुम्ही सांगितलं तेव्हा मी ते मान्य केलं नाही, कारण मान्य केलं असतं तर तिच्यावर रागवावं लागलं असतं, आणि ती तर समोर निजलेली होती. मग तुमच्यावर रागावले. तुम्ही उभे होता.

मी जे बोलले ते चारचौघांत बोलले. बंद पाकिटात माफी मागून ते फिटणार नाही. मामा, मावशी आणि शेजारच्यांना मी एका रविवारी जेवायला बोलावणार आहे. तारीख तुम्ही कळवा. तुम्ही आलात की त्यांच्यासमोर मला जे बोलायचं आहे ते बोलेन. तोवर मी कोणाला काही सांगणार नाही, नाहीतर माझ्या माघारी म्हणतील की मी तेवढ्यावरच निभावलं.

येताना पायमोजे जाड घाला, इकडे वर अजून गारठा आहे.

आई